विनामूल्य, सशुल्क आणि तिसरा प्रकार

म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटरवर हेग्गडदेवनकोटे हे तालुक्याचे गाव आहे. एवढे लांबलचक नाव घेण्याइतका वेळ कोणापाशीच नसतो. बसच्या पाटीपासून बँकेच्या शिक्क्यापर्यंत सर्वत्र ते ‘एच. डी. कोटे’ एवढेच असते. तालुक्यात एकीकडे कबिनीचा विस्तीर्ण जलाशय, दुसरीकडे नागरहोळेचे अरण्य आणि मधल्या पट्ट्यात कापूस, नाचणी, तंबाखू, मका व आले यांची शेते. अरण्याच्या कडेने जेनु कुरुब, काडु कुरुब आदी आदिवासी समाजांच्या वस्त्या आहेत. २०१९ आणि २०२० मधील विलीनीकरणांनंतर राष्ट्रीयीकृत बँकांचे शाखाजाळे असे काही एकमेकांत गुंतले, की सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या बदलीच्या आदेशावर अशा गावाचे नाव उमटणे ही आता नवलाची बाब राहिलेली नाही.

ग्रामीण शाखेच्या वाट्याला दर महिन्याला एक वित्तीय साक्षरता शिबिर येते. त्याचे चित्र बँकेतील कोणाच्याही डोळ्यांपुढे सहज उभे राहावे. शाळेची खोली, भिंतीवर ताणून बसवलेली पांढरी चादर, शाखेचा जुना लॅपटॉप, उसना आणलेला प्रोजेक्टर आणि समोर बचत गटाच्या पंचवीस-तीस स्त्रिया. सादरीकरण शहरातल्या कार्यालयातून पेन ड्राइव्हवर आलेले असते. पहिली स्लाइड व्यवस्थित उमटते, कारण ती बँकेच्या बोधचिन्हाची असते. दुसऱ्या स्लाइडवर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची माहिती असते : वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यूस २ लाख रुपयांचे संरक्षण. नेमकी हीच स्लाइड कन्नड अक्षरांऐवजी रिकाम्या चौकोनांची एक रांग होऊन चादरीवर उतरते. अधिकारी ओशाळतो आणि तोंडी सांगू लागतो. स्त्रिया समजूतदारपणे माना डोलावतात. त्यांपैकी किती जणी दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला येतात, हे शाखेतील नोंदवही सांगते.

अशा वेळी दोष कोणाच्या माथी मारला जातो? लॅपटॉपवर विनामूल्य आज्ञावली असेल, तर तिच्या. ‘फुकट ते असेच चालायचे’ हा निकाल दोन मिनिटांत लागतो. सशुल्क आज्ञावली असेल तर मात्र तोच दोष लॅपटॉपच्या म्हातारपणावर ढकलला जातो. वस्तुतः दोन्ही निकाल चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे आहेत हे पाहिल्याशिवाय विकतचे घ्यावे की फुकटचे वापरावे या प्रश्नाला हातच घालता येत नाही.

प्रथम थोडा इतिहास. ज्या आज्ञावलीच्या नावावरून आज कोणत्याही सादरीकरणास सर्रास ‘पीपीटी’ म्हटले जाते, ती पॉवरपॉइंट मायक्रोसॉफ्टच्या घरात जन्मलेली नाही. फोरथॉट नावाच्या लहानशा कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ती घडवली. एप्रिल १९८७ मध्ये ती प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला ती कंपनीच विकत घेतली. पहिल्या आवृत्तीत रंग नव्हते. तिचे काम ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवण्याच्या पारदर्शिका छापून देणे एवढेच होते. बँकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयांत ज्यांनी त्या पारदर्शिका उलटसुलट ठेवून व्याख्याने दिली, त्या पिढीला हे वाचून थोडी गंमत वाटेल.

विनामूल्य बाजूचा वंशवृक्ष अधिक वळणावळणाचा आहे. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीची स्टारऑफिस ही आज्ञावली सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये घेतली आणि २००० मध्ये तिचा मूळ मजकूर, म्हणजे आज्ञावली ज्या संगणकीय भाषेत लिहिली जाते तो, सर्वांसाठी खुला केला. त्यातून ओपनऑफिस उभे राहिले. २०१० मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतल्यावर अनेक कार्यकर्ते वेगळे झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिबरऑफिस जन्मास आले. त्यातील सादरीकरणाच्या भागाचे नाव इम्प्रेस. याची मालकी कोणा कंपनीकडे नाही. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याचा सांभाळ करते. त्याचे पडदे, सूची आणि सूचना मराठीतही उपलब्ध आहेत, कन्नडमध्येही आहेत.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, कारण मराठीत तो सांगणे सोपे आहे. फुकट आणि मुक्त हे दोन शब्द आपल्याकडे वेगवेगळे आहेत. इम्प्रेस मुक्त आहे : ती कोणीही घ्यावी, कितीही संगणकांवर बसवावी, दुकानात वापरावी, शिकवणीत वापरावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. गुगल स्लाइड्स, कॅनव्हाची विनामूल्य श्रेणी किंवा पॉवरपॉइंटचीच जाळ्यावरील विनामूल्य आवृत्ती या फुकट आहेत, मुक्त नाहीत. त्यांच्यासाठी खाते उघडावे लागते, आपले काम त्या कंपनीच्या संगणकावर जाऊन बसते आणि उद्या कंपनीने नियम बदलले तर तक्रार करायला खिडकी नसते. आंबा फुकट मिळणे आणि आंब्याचे झाड अंगणात असणे यांत जो फरक आहे, तोच हा. सामान्यतः तुलना करणारे लोक या दोहोंना एकाच टोपलीत टाकतात आणि मग हिशेब चुकतो.

आता पुन्हा त्या चौकोनांकडे वळू. तो दोष आज्ञावलीचा नव्हता, फॉन्टचा होता. सादरीकरणाच्या फाइलमध्ये अक्षरांचे क्रमांक असतात. अक्षरांचे रूप ज्या फॉन्टमधून यायचे तो फॉन्ट प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे असावा लागतो. ज्या संगणकावर तो नाही, तेथे दुसरा एखादा फॉन्ट त्याची जागा घेतो. तोही नसेल तर चौकोन. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांची गोष्ट याहून बिकट. महाराष्ट्रात श्री-लिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टांत, तर कर्नाटकात नुडीच्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी होऊन उघडतो, मग आज्ञावली दहा हजारांची असो की बिनपैशाची. मराठीला आणखी एक नाजूक जागा आहे. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतील रफाराचा फरक, मराठी वळणाचे ल आणि श, हे सगळे फॉन्ट चांगला असेल तरच नीट दिसते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फॉन्ट सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. ‘बलू’ अनेक भारतीय लिप्यांत आहे, त्यांत कन्नडही आहे. लिप्यांच्या बाबतीत तरी आज उत्तम वस्तू विकत घ्यावी लागतेच असे नाही.

उपायही साधा आहे. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. फाइल जतन करताना तिच्यात फॉन्ट अंतर्भूत करावा. ही सोय पॉवरपॉइंटमध्ये आहे तशी इम्प्रेसमध्येही आहे. आणि पेन ड्राइव्हवर मूळ फाइलच्या शेजारी तिची पीडीएफ प्रत ठेवावी. पीडीएफमध्ये हलणारी चित्रे नसतात, पण विम्याचा हप्ता सांगण्यास अक्षरे नाचवावी लागत नाहीत.

याचा अर्थ सशुल्क आज्ञावलीत काही विशेष नाही, असा मुळीच नाही. पॉवरपॉइंटने ३५ वर्षांहून अधिक काळ एकाच कामावर जी मेहनत घेतली आहे ती तिच्यात जागोजागी दिसते. ओबडधोबड मजकूर दिला तर मांडणीचे पर्याय सुचवणारी सोय, एका स्लाइडवरील आकृती दुसऱ्या स्लाइडवरील आकृतीत सावकाश रूपांतरित करणारे संक्रमण, एकाच फाइलवर चार शाखांतील चार जणांनी एकाच वेळी काम करणे, या गोष्टी इम्प्रेसमध्ये तितक्या सफाईने होत नाहीत. काही होतच नाहीत. विभागीय कार्यालयातून आलेल्या फाइलमधील आकृत्यांचे साचे इम्प्रेसमध्ये उघडले की कधी बाण सरकतात, कधी चौकटीतील मजकूर बाहेर सांडतो. ज्याला दररोज अशा फायलींची देवघेव करावी लागते, त्याने विनामूल्य आज्ञावलीचा हट्ट धरणे म्हणजे चार आणे वाचवण्यासाठी रुपयाची पायपीट करणे होय. संचालक मंडळापुढे आकडे ठेवणाऱ्या विभागाला पॉवरपॉइंटची वर्गणी भरू द्यावी. तो खर्च वसूल होतो.

पण एच. डी. कोट्याची शाखा म्हणजे मध्यवर्ती कार्यालय नव्हे. आणि त्या शाखेचा ग्राहक तर नव्हेच नव्हे.

ग्राहकाच्या बाजूने हिशेब मांडला की चित्र पालटते. समजा, तालुक्याच्या गावी एखाद्या तरुणाला पाच संगणकांचा शिकवणी वर्ग काढायचा आहे आणि तो मुद्रा योजनेतून कर्ज मागायला शाखेत आला आहे. उदाहरणापुरती एका संगणकाची कार्यालयीन आज्ञावलीची वर्गणी वर्षाला ५,००० रुपये धरली, तर पाच संगणकांचे पाच वर्षांचे १,२५,००० रुपये होतात. मुद्रा योजनेतील शिशू गटाच्या कर्जाची कमाल मर्यादाच ५०,००० रुपये आहे. म्हणजे यंत्रे, टेबले, खुर्च्या, वीजजोडणी सोडाच, केवळ वर्गणीच्या रकमेने त्या कर्जाची अडीच पात्रे भरतील. एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्तीही मिळते. पण तिलाही आयुष्य असते. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या दोन्हींचा सुरक्षेचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एकाच दिवशी संपला आणि त्याच दिवशी विंडोज १० चाही संपला. त्या दिवशी अनेक छोट्या कार्यालयांतील चालती यंत्रे कागदावर म्हातारी झाली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक गोष्ट खटकेल. आज्ञावली विकत घेतली तर तो भांडवली खर्च. आयकराच्या नियमांत संगणक आणि त्यावरील आज्ञावली यांना ४० टक्के घसारा मिळत आला आहे. वर्गणी भरली तर तो महसुली खर्च. पूर्ण रक्कम त्याच वर्षी नफ्यातून वजा होते. मोठ्या उद्योगाला दुसरा मार्ग सोयीचा वाटतो, कारण रक्कम थोडी थोडी जाते. छोट्या व्यावसायिकाला मात्र तोच मार्ग अडचणीत आणतो. त्याचे उत्पन्न हंगामी असते. कापूस विकला गेला की मुले शिकवणीला येतात, नाही तर नाही. वर्गणीला हंगाम कळत नाही. ती थकली की आज्ञावली फाइल दाखवते, छापू देते, पण तिच्यात बदल करू देत नाही. स्वतःच लिहिलेली वही स्वतःलाच फक्त वाचायला मिळावी, तसे. शिवाय १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळाच, आणि नोंदणी नसलेल्या छोट्या व्यावसायिकाला त्याची वजावटही मिळत नाही. घरगुती गटाची स्वस्त वर्गणी घेऊन ती दुकानात वापरणे हा अनेकांचा तोडगा असतो, पण त्या परवान्याच्या अटींत व्यावसायिक वापर बसत नाही.

सीमेपलीकडे काय चालते हे पाहण्यास एच. डी. कोट्याहून चांगली जागा नाही. हँडपोस्टहून निघालेला रस्ता अंतरसंते ओलांडून अरण्यातून बावलीला पोहोचतो आणि तेथून पुढे केरळचा वायनाड जिल्हा सुरू होतो. बावलीच्या पलीकडील सरकारी शाळेतले मूल मुक्त आज्ञावलीवर संगणक शिकते. केरळने शालेय संगणक शिक्षण लिनक्सवर आणि मुक्त आज्ञावल्यांवर आणले, त्याला आता बराच काळ लोटला. केरळ सरकारच्या काइट या संस्थेने २०१९ मध्ये असा अंदाज मांडला होता, की दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मुक्त आज्ञावली वापरल्यामुळे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचले. आकडा मोठा आहे, म्हणूनच तो जरा भागून पाहिला पाहिजे. दोन लाखांनी भागल्यास एका संगणकामागे दीड लाख रुपये येतात. एवढ्या किमतीच्या आज्ञावल्या कोणतीही शाळा प्रत्यक्षात कधीच विकत घेणार नव्हती. तिने त्यांतल्या दोन-तीन घेतल्या असत्या, शिक्षण-सवलतीच्या दरात घेतल्या असत्या किंवा काहीच घेतले नसते. न केलेल्या खर्चाला बचत म्हणावयाचे असेल, तर तो खर्च करण्याचा इरादा तरी असायला हवा. मुक्त आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांनी असे आकडे फार जपून वापरावेत. केरळची खरी कमाई त्या रकमेत नाही. ती वेगळीकडे आहे. तेथील शिक्षकांनी आज्ञावली आपल्या भाषेत आणली, तिच्यावर धडे रचले आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारी माणसे तालुक्या-तालुक्यात तयार झाली.

कर्नाटकातही २०११ च्या सुमारास माध्यमिक शिक्षकांच्या विषयवार मंचांना मुक्त आज्ञावलीवर प्रशिक्षण देण्याचा उपक्रम राज्याच्या शिक्षण खात्याने बंगळुरूच्या आयटी फॉर चेंज या संस्थेच्या सहकार्याने सुरू केला होता. महाराष्ट्राची वाट निराळी. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो मुलामुलींचा हात संगणकावर बसवला, हे ऋण कोणीही नाकारू नये. मात्र त्या अभ्यासक्रमातून सादरीकरण म्हणजे पॉवरपॉइंट हे समीकरणही घरोघरी पोहोचले. मुलगा प्रमाणपत्र घेऊन घरी येतो. घरच्या संगणकावर ती आज्ञावली नसते आणि ती विकत घेण्याची ऐपतही नसते.

मग तो काय करतो? येथेच तो तिसरा प्रकार येतो, ज्याचे नाव कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात नसते. विनामूल्य नाही, सशुल्कही नाही. चोरून उतरवलेली प्रत. संगणक जोडून देणारा माणूस ‘ऑफिस टाकून देतो’ म्हणतो आणि दोनशे-तीनशे रुपये घेतो. ग्राहकाला वाटते आपण पैसे मोजले, म्हणजे ती आपली झाली. भारतातील बहुतेक छोट्या दुकानांत खरी स्पर्धा पॉवरपॉइंट आणि इम्प्रेस यांच्यात कधी झालेलीच नाही. ती पॉवरपॉइंट आणि पॉवरपॉइंटची चोरलेली प्रत यांच्यात झाली आणि चोरलेली प्रत सदैव जिंकत आली. इम्प्रेसला तर मैदानात उतरूच दिले गेले नाही. फुकटात अस्सल नाव मिळत असताना फुकटात दुसरे नाव कोण घेणार?

नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी कायदा आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणकीय आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. पण बँकेच्या ग्राहकाला कायद्याहून जवळचे भय दुसरे आहे. चोरलेली प्रत चालू करण्यासाठी जी चावीची आज्ञावली चालवावी लागते, ती चालवताना विषाणूरोधक बंद करण्यास सांगितले जाते. ज्या क्षणी तो बंद होतो, त्या क्षणी संगणकाचे दार उघडे राहते. त्या दारातून आत शिरलेला एखादा हेर कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपून बाहेर धाडू शकतो. आणि दुकानदार रात्री हिशेब आटोपल्यावर त्याच संगणकावर, त्याच कळफलकावर इंटरनेट बँकिंगचा परवलीचा शब्द टंकतो. चाळीस स्लाइडांच्या सोयीसाठी चालू खात्याची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती गेलेली असते.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वाची मर्यादा आखून दिली. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणी तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास मात्र बँकेला कळवेपर्यंतचे सारे त्याच्याच माथी, असे तत्त्व त्यात घातले गेले. विषाणूरोधक स्वतः बंद करून चोरीची आज्ञावली बसवणे कोणत्या रकान्यात मोडेल, याचा वाद पैसे गेल्यावर घालण्यापेक्षा आधीच टाळलेला बरा. पैसे गेलेच, तर पहिला दूरध्वनी १९३० या क्रमांकावर आणि दुसरा बँकेला; संगणक जोडणाऱ्याला नव्हे.

विनामूल्य आज्ञावली घेतानाही दार तपासावे लागते. लिबरऑफिस तिच्या स्वतःच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवावी. शोधयंत्रात जाहिरात म्हणून वर येणारे प्रत्येक ‘फुकट उतरवा’ हे बटण तिचे असेलच असे नाही. बँकेतील कर्मचाऱ्यांनी जाळ्यावरील फुकट सेवांबाबत अधिक सावध असावे. थकीत कर्जांच्या आढाव्याची स्लाइड घाईघाईत एखाद्या फुकट खात्यावर तयार करणे, म्हणजे ग्राहकांची नावे आणि रकमा बँकेच्या भिंतीबाहेर नेऊन ठेवणे आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. तो नसता, तरी ग्राहकाची गुप्तता राखणे हे बँकेचे त्याहून कितीतरी जुने कर्तव्य आहेच.

देशी आज्ञावलीचा विषय सध्या वरचेवर निघतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण दस्तऐवज, तक्ते आणि सादरीकरण यांसाठी झोहोच्या आज्ञावल्यांकडे वळत असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून झोहो शो हे नाव अनेकांच्या कानी पडले. कंपनी चेन्नईची आहे, काम चांगले आहे, स्वागतच केले पाहिजे. फक्त ती देशी आहे म्हणून मुक्त आहे, असा समज करून घेऊ नये. तीही कंपनीच्या मालकीची, मुख्यतः जाळ्यावर चालणारी सेवा आहे. आणि जाळे अरण्याच्या कडेला किती वेळ टिकते, हे कबिनीच्या काठी जाऊन आलेल्या कोणत्याही पर्यटकास विचारावे. जेथे भ्रमणध्वनीवर एक रेघ येते आणि जाते, तेथे जाळ्यावरील आज्ञावली, मग ती देशी असो वा परदेशी, ऐन वेळी गोल चक्र फिरवीत बसते. संगणकात उतरवलेली आज्ञावली तेथे अधिक भरवशाची.

शिकण्याची अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वीस वर्षे एकाच जागी असलेले बटण दुसरीकडे गेले की माणूस चिडतो. त्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिबरऑफिस इम्प्रेसचे छोटे छोटे दृक्-श्राव्य पाठ तयार केले आहेत. ते मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत, उतरवून घेता येतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांनी, ज्यांचे मूळ १९८२ मध्ये कर्नाटकातीलच उजिरे येथे सुरू झालेल्या रुडसेटी संस्थेत आहे, आपल्या संगणक वर्गांत हे पाठ जोडले, तर तेथून बाहेर पडणाऱ्या मुलीला घरी गेल्यावर चोरीची प्रत शोधावी लागणार नाही. जी संस्था कर्ज मिळवण्याजोगा उद्योजक घडवते, तिने त्याला परवडेल तेच अवजार हाती द्यावे, ही अपेक्षा जास्त नाही. सुतारकाम शिकवताना कोणी जर्मन रंधा अनिवार्य करीत नाही.

शेवटी, चित्रे दाखवून समजावण्याची विद्या मराठी माणसाला संगणकाने शिकवलेली नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या एकेक रंगवलेले चित्र पुढे करीत कथा सांगत आले. त्या चित्रकथीत आणि स्लाइडमध्ये तत्त्वाचा फरक नाही. १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे ‘शांबरिक खरोलिका’ हे प्रयोग सुरू केले, तेव्हा कंदिलाच्या प्रकाशात चित्रे पडद्यावर हलत होती. त्या प्रयोगांत चित्र बोलत असे आणि निवेदक त्याला साथ देत असे. आजच्या सादरीकरणात बहुधा उलट होते. स्लाइडवर बारा ओळी असतात आणि अधिकारी त्या वाचून दाखवतो. अमेरिकेतील एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये पॉवरपॉइंटच्या या वळणावर कडाडून टीका केली. त्याच वर्षी कोलंबिया अवकाशयानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळानेही तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडांवर विसंबण्याच्या सवयीची नोंद घेतली. ज्यांच्या हातात अवकाशयान होते त्यांची ही गत, तर अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपुढे बारा ओळींची स्लाइड काय करणार? ती सशुल्क आज्ञावलीत केली काय आणि विनामूल्य आज्ञावलीत केली काय, बचत गटातील स्त्रीला तिच्यातून २० रुपये आणि २ लाख रुपये हे दोनच आकडे हवे असतात, आणि बँकेत कोणत्या खिडकीवर जायचे ते हवे असते.

त्यामुळे अशा शाखेने आपल्या लॅपटॉपवर इम्प्रेस बसवावी, कन्नडचा एक आणि देवनागरीचा एक असे दोन युनिकोड फॉन्ट ठेवावेत, शिबिराची स्लाइड चित्रे आणि मोठे आकडे एवढ्यावरच आटोपावी, आणि विभागीय कार्यालयाशी फायलींची देवघेव करणाऱ्या एकाच यंत्रावर सशुल्क परवाना ठेवावा. मुद्रा कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या शिकवणीवाल्याच्या प्रकल्प अहवालात ‘आज्ञावली’ हा रकाना कोरा दिसला, तर अधिकाऱ्याने त्यावर बोट ठेवून विचारावे, की संगणकावर काय बसवणार आहात. बहुतेक वेळा तो रकाना कोरा असण्याचे कारण तिसरा प्रकार हेच असते. आणि शिबिराला निघताना पीडीएफच्या प्रतीबरोबर तीच चार चित्रे मोठ्या कागदावर छापून पिशवीत टाकावीत. वीज गेली की चादरीवर काहीच दिसत नाही. कागद मात्र खिडकीच्या उजेडात धरता येतो.